हॉटेलाच्या भिंती आणि इतिहासाची साक्ष

राजघराण्यांचे इतिहास पूर्वीं भाटांनीं गाइले. मोठ्या हॉटेलांचे इतिहास आज त्यांच्या पाहुण्यांच्या नामावळींतून सांगितले जातात. कोण राजा उतरला, कोणती नटी राहिली, एवढें सांगितलें कीं इतिहासकाराचें कर्तव्य संपलें, अशी समजूत रूढ झाली आहे. ती किती अपुरी आहे हें पाहण्यास क्यूबाच्या राजधानींतील, हवाना शहरांतील, ‘होटेल नासिओनाल’ इतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

न्यूयॉर्कच्या मॅकिम, मीड अँड व्हाइट या वास्तुशिल्पकारांच्या पेढीनें आंखलेली ही इमारत ३० डिसेंबर १९३० रोजीं उघडली. जेथें पूर्वीं सांता क्लारा नांवाचा तोफखाना होता, त्या समुद्रकांठच्या टेकडीवर ती उभी आहे. दोन मनोरे, कमानींच्या ओवऱ्या, समुद्राकडे उतरत जाणारी बाग. तिच्या सौंदर्याविषयीं आमची कांहींच तक्रार नाहीं. प्रश्न आहे तो हें सौंदर्य कोणाच्या उपयोगीं पडलें, हा.

तीन वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच, १९३३ च्या सप्टेंबरांतील सार्जंटांच्या बंडानें अधिकारभ्रष्ट झालेले लष्करी अधिकारी येथें येऊन राहिले, आणि २ ऑक्टोबर रोजीं या भिंतींवर तोफा डागल्या गेल्या. डिसेंबर १९४६ मध्यें लकी ल्युसिआनो, मायर लान्स्की प्रभृति अमेरिकन गुन्हेगारांच्या नायकांची परिषद येथेंच भरली. पुढें १९५५ च्या कायद्यानें, नव्या हॉटेलांत १० लक्ष डॉलर गुंतविणारास करांची सूट व जुगारगृहाचा परवाना देण्याचें ठरलें. बातिस्ताच्या त्या अमदानींत लान्स्कीच्या देखरेखीखालीं नासिओनालमध्येंही द्यूताचीं टेबलें मांडलीं गेलीं. राजसत्ता आणि द्यूत यांची अशी सोयरीक झाली, म्हणूनच १ जानेवारी १९५९ रोजीं बातिस्ता पळतांच हवानाच्या जमावानें जुगारयंत्रें फोडलीं. १९६० सालीं येथील जुगारगृह बंद झालें. १९६२ च्या क्षेपणास्त्रसंकटांत बागेंत विमानवेधी तोफा आल्या व खंदक खणले गेले.

आज पाहुण्यास खंदकही दाखवितात आणि भिंतींवरील तसबिरीही. या तसबिरींत कलावंतांच्या पंक्तीस गुन्हेगारही बसले आहेत. आणि तेथेंच नॅट किंग कोल या कृष्णवर्णी गायकाचेंही स्मारक आहे! १९५६ मध्यें हा गायक हवानास गाण्यासाठीं आला, तेव्हां केवळ वर्णामुळें या हॉटेलानें त्यास खोली नाकारली, हें सर्वश्रुत आहे. ज्याला दारांतून परत धाडलें, त्याचाच पुतळा दालनांत बसवावा, यांत पश्चात्ताप किती आणि शोभेची हौस किती? पश्चात्ताप असेल तर नकाराची हकीकत पुतळ्याखालीं ठळक अक्षरांत लिहिली पाहिजे.

क्रांतीनें सर्व दोष धुऊन निघाला, असेंही मात्र कोणी समजूं नये. परदेशी पाहुण्यांसाठीं राखलेल्या हॉटेलांत खुद्द क्यूबाच्या नागरिकांस राहण्याची बंदी होती. ती २००८ सालीं उठली. एका काळीं रंग पाहून दार बंद झालें, दुसऱ्या काळीं राष्ट्रीयत्व पाहून. ‘नासिओनाल’ म्हणजे राष्ट्राचें. या नांवास दोन्ही राजवटींनीं कमीपणाच आणला.

तसबिरी काढाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. १९९८ सालीं या वास्तूस राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला आहे, आणि स्मारकाचें काम स्मरण देण्याचें असतें, मिरविण्याचें नव्हे. हॉटेलाचा खरा इतिहास पाहुण्यांच्या वहींत अर्धाच असतो. उरलेला अर्धा, ज्यांचीं नांवें त्या वहींत लिहूं दिलीं नाहींत, त्यांच्याकडे विचारावा लागतो.