चित्रपटाची नांदी

चित्रपटाच्या आरंभास हल्लीं एकच कसोटी लावण्यांत येते : प्रेक्षक दचकला कीं नाहीं ! पडदा उजळतांच स्फोट, पाठलाग किंवा एखादें प्रेत दाखविल्यावांचून दिग्दर्शकास धीर धरवत नाहीं. आम्हांस ही कसोटी मान्य नाहीं. आणि कां नाहीं, तें सांगण्यासाठीं दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' (१९३६) या प्रभातच्या बोलपटाचा आरंभ वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

यांत घडतें तें इतकेंच. तुकोबा (विष्णुपंत पागनीस) डोळे मिटून विठ्ठलाचें पद गात बसले आहेत. तें कोणास ऐकवावें असा हेतु त्यांत नाहीं. लगेच तेंच पद देवळांत सालोमालो गाऊं लागतो; हातवारे, ताना, सारा थाट आहे, आणि पद स्वतःचें म्हणून तो लोकांस ऐकवितो आहे. शब्द तेच, पण गाणारा बदलतांच पदांतला देव नाहींसा होतो ! पुढें रामेश्वरशास्त्र्यांपर्यंत जाणारी तक्रार आणि इंद्रायणींत बुडणाऱ्या वह्या, हें सारें बीजरूपानें येथेंच आलें आहे.

खरें सांगावयाचें तर पुष्कळ वर्षें आम्हांसच हा आरंभ भाबडा वाटे. वर्गांत आम्ही ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'चे (१९४१) गोडवे गात असूं. प्रवेशबंदीची ती पाटी, उंचावरचा तो अंधारी वाडा, मरणाऱ्याच्या ओठांतून निघालेला एकच शब्द आणि हातांतून निसटून फुटणारा कांचेचा गोळा ! एकदां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "केन कोडें घालतो म्हणून आपण बसून राहतों. तुकारामांत तर सारें आधींच कळतें; मग पुढें पाहावयाचें कशासाठीं ?" त्या दिवशीं आम्हांस समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं.

तें असें द्यावयास हवें होतें. वेल्सही त्या शब्दापाठोपाठ वार्तापट दाखवून केनचें अवघें चरित्र सांगून टाकतो. मग लपवाछपवींतच सारी ओढ असते असें कसें म्हणावें? 'तुकारामां'त आपण जें जाणतों तें गांवकरी जाणत नाहींत. म्हणून सालोमालोनें तोंड उघडलें कीं आपला जीव तळमळतो. संस्कृत नाटककारांस हें मर्म ठाऊक होतें. 'मुद्राराक्षसां'त सूत्रधार चंद्रग्रहणाची गोष्ट काढतो, आणि तें चंद्रगुप्तावरचें संकट समजून चाणक्य पडद्याआडूनच गर्जतो. रंगभूमीवर पाऊल पडण्यापूर्वींच त्याचा स्वभाव आपल्या परिचयाचा होतो.

चित्रपटगृहांत उशिरां येण्याची आपल्याकडील खोड जुनीच आहे. आतां घरबसल्या आरंभ पुढें ढकलण्याची कळही हातीं आली आहे. 'तुकारामा'चें पहिलें दृश्य संपल्यावर आंत शिरलेला प्रेक्षक पद प्रथम ऐकतो तें सालोमालोच्या तोंडून, आणि देवळांतल्या त्या मंडळीप्रमाणें तें त्याचेंच समजून मान डोलावूं लागतो.