शंभर ग्रॅम कोथिंबीर

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना घरगुती औषधांची एक छोटी पुस्तिका विकत घेतली. तिच्यात कोथिंबिरीला एक अख्खे पान दिले आहे. कोथिंबीर रक्त वाढवते, दृष्टी सुधारते, प्रतिकारशक्ती देते, असे दावे आहेत. पुराव्यादाखल लोह, कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व यांचे आकडेही आहेत. मात्र हे आकडे शंभर ग्रॅम पानांचे आहेत, एवढी एकच गोष्ट सांगायची राहून गेली आहे.

वाटीभर आमटीवर आपण कोथिंबीर घालतो ती फार तर पाच ग्रॅम. आता गणित करू. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार शंभर ग्रॅम पानांत सुमारे १.८ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे आमटीतून मिळाले ०.०९ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवे. रक्त वाढणार ते कशाने?

क जीवनसत्त्वाचे आकडे तर तक्त्यागणिक बदलतात. आपल्याकडच्या जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅमला १३५ मिलिग्रॅम, तर अमेरिकेच्या तक्त्यात २७. वाण, ताजेपणा, मोजण्याची पद्धत अशी कारणे असू शकतात. पुस्तिकेने अर्थातच मोठा आकडा उचलला आहे. शिवाय उकळत्या आमटीत हे जीवनसत्त्व काही प्रमाणात नष्ट होते, त्याचा उल्लेख नाही.

कोथिंबीर निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. कोथिंबीर वडीत जुडीच्या जुडी जाते. तेथे पन्नास ग्रॅम पाने सहज पोटात जातात आणि तेलामुळे कॅरोटीन अधिक चांगले शोषले जाते. गुण पानात आहेतच. प्रश्न मात्रेचा आहे.

हा प्रश्न शाळेत गंभीर होतो. रक्तक्षय टाळण्यासाठी किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा द्यायच्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्यासाठी सव्वातीन किलोहून अधिक कोथिंबीर खावी लागेल! ‘गोळी नको, कोथिंबीर खा’ असे घरी ऐकून एखादी मुलगी गोळी टाळत असेल, तर नुकसान तिचे आहे.

तेव्हा वर्गात तराजू आणा, एक जुडी निवडा आणि चिमूटभर पाने मुलांनाच तोलू द्या. पुढचे गणित मुले स्वतःच करतील.