सांचोची वाचा कुठे गेली?

अभिजात कलाकृतीचे माध्यमांतर झाले की त्यात काय टिकले याची चर्चा आपले समीक्षक हौसेने करतात. काय गाळले आणि ते कोणाचे होते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. ‘डॉन किहोते’ हा बॅले-चित्रपट या प्रश्नासाठी तपासण्यासारखा आहे. रुडॉल्फ नुरेयेव्ह आणि रॉबर्ट हेल्पमन यांनी तो दिग्दर्शित केला. मेलबर्नच्या एसेन्डन विमानतळावरील हँगरमध्ये नेपथ्य उभारून ऑस्ट्रेलियन बॅलेच्या नर्तकांसह १९७२ मध्ये त्याचे चित्रीकरण झाले आणि १९७३ मध्ये तो चित्रपटगृहांत आला.

प्रथम त्याचे देणे मान्य केले पाहिजे. बॅले ही राजदरबारात वाढलेली कला. तिच्या मध्यभागी बहुधा राजपुत्र आणि राजकन्या असतात. इथे मध्यभागी बाझिल हा न्हावी आणि किट्री ही खानावळवाल्याची मुलगी आहे. न्हाव्याची भूमिका करणारा नुरेयेव्ह स्वतः गरीब तातार मुस्लिम कुटुंबातला; रशियातील उफा शहरात दारिद्र्यात वाढलेला. त्याच्या उडीत जो माज आहे तो दरबारी नाही, कमावलेला आहे. श्रमिकाचे शरीरही सौंदर्याचे अधिष्ठान होऊ शकते, हे हा चित्रपट दाखवतो. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु या सौंदर्याची किंमत कोणी मोजली? सर्व्हांतेसची कादंबरी १६०५ आणि १६१५ अशी दोन भागांत प्रसिद्ध झाली. मारिउस पेतिपाने १८६९ मध्ये मॉस्कोत हा बॅले उभा केला, तेव्हा दुसऱ्या भागातला एका लग्नाचा प्रसंग उचलला. श्रीमंत वराला फसवून गरीब प्रियकर मुलगी मिळवतो, एवढीच ती गोष्ट. नुरेयेव्हने तीच वाट धरली. त्यामुळे ज्याच्या नावाने बॅले आहे तो किहोते पाहुण्यासारखा वावरतो आणि सांचो पांझा निव्वळ हास्याचा विषय होतो. त्याला हवेत उडवतात, तो हातपाय झाडतो. हा चित्रपट मी वर्गात दाखवला तेव्हा विद्यार्थी या ठिकाणी मनमुराद हसले. ते हसू मला खटकले. कारण कादंबरीतला सांचो हसवतो तो जिभेने.

हा निरक्षर शेतकरी म्हणींवर म्हणी रचतो. मालक त्या बंद करायला सांगतो, तो बंद करत नाही. त्याच लग्नात शिजणारे अन्न पाहून तो श्रीमंत वराची बाजू घेतो आणि आजीचा दाखला देतो, की जगात वंश दोनच, असणाऱ्यांचा आणि नसणाऱ्यांचा. कुलशुद्धीच्या अभिमानाने पछाडलेल्या त्या काळातल्या स्पेनमध्ये वंशाची ही व्याख्या एक भुकेला माणूस करतो! पुढे सरदार मंडळी चेष्टा म्हणून त्याला एका ‘बेटा’चा कारभार देतात, तर तो शहाणपणाने न्याय करून दाखवतो. पडद्यावर यातले काहीही नाही. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याची जीभ काढून घ्या आणि फक्त कोलांट्या ठेवा. जे उरेल ते हे.

यावर उत्तर ठरलेले आहे : बॅलेला शब्द नसतात. हे उत्तर अपुरे आहे, कारण प्रसंगांची निवड शब्दांवर अवलंबून नाही. पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात आंद्रेस नावाचा मेंढ्या राखणारा पोरगा झाडाला बांधलेला आहे आणि मालक त्याला पट्ट्याने फोडून काढतो आहे. नऊ महिन्यांची मजुरी थकली आहे, महिना सात रेआल. किहोते त्रेसष्टाचा हिशेब करतो. मालक जोड्यांचे आणि आजारपणातल्या उपचाराचे पैसे वजा करू पाहतो. माझे वडील सालदार होते. पाडव्याच्या हिशेबात चपला, औषध, उचल अशी वजावट होऊन हाती काय येई, हे मी पाहिले आहे. म्हणून ते पान मला स्पेनचे वाटत नाही. किहोते मालकाकडून शपथ घेतो, कृतार्थ होऊन निघून जातो. मालक पोराला पुन्हा बांधतो आणि अर्धमेला होईतो मारतो.

बांधलेले शरीर, सुटलेले शरीर, पुन्हा बांधलेले शरीर. यासाठी शब्द कशाला हवेत? नृत्याला याहून अधिक अनुकूल प्रसंग कोणता? पण तो घेतला तर प्रेक्षकाला किहोतेच्या स्वप्नावर नुसते हळहळता येणार नाही; त्या स्वप्नाचे वळ कोणाच्या पाठीवर उठतात हे पाहावे लागेल. वरून येणारा, हुकूम सोडणारा आणि निघून जाणारा उद्धारक आपल्या समाजालाही परिचित आहे. बाबासाहेबांनी आपल्याला त्याची वाट पाहायला नव्हे, संघटित व्हायला सांगितले. सर्व्हांतेसने हा उद्धारक पूर्ण ओळखला होता. बॅलेने त्याला निरुपद्रवी म्हातारा करून टाकला.

हा चित्रपट पाहू नये असे मी म्हणत नाही. जरूर पाहावा. मात्र विद्यार्थ्यांनी त्यानंतर पहिल्या भागाचे एकतिसावे प्रकरण वाचावे. तिथे आंद्रेस पुन्हा भेटतो आणि किहोतेला बजावतो, की माझे तुकडे होताना दिसले तरी मदतीला येऊ नका. किहोतेजवळ द्यायला पुन्हा प्रतिज्ञाच असते. भाकरी आणि चीज देतो तो सांचो, आणि ते देताना आपल्या पोटाचे काय, हेही बोलून दाखवतो.