कुलवृत्तांत आणि करीना

आपल्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत हातीं आला म्हणजे वाचक प्रथम स्वतःचें नांव शोधतो, मग वडिलांचें, मग आजोबांचें. तीं शुद्ध छापलेलीं दिसलीं कीं ग्रंथ उत्तम झाला असा निर्वाळा देऊन तो कपाटांत ठेवतो. आम्हींहि तसेंच केलें होतें. विसाव्या शतकांत महाराष्ट्रांत असे ग्रंथ पुष्कळ निघाले, आणि त्यांमागील श्रमांविषयीं आम्हांस आदरच आहे. गांवोगांव हिंडून, उत्तर न देणाऱ्या आप्तांस स्मरणपत्रें लिहून, बहुधा पदरमोड करून हें काम झालेलें असतें. परंतु इतिहास म्हणून पाहूं लागतांच शंका येते : ह्या हकीकतीची उलटतपासणी कोणीं केली?

शिवकालांत ती होत असे. वतनाच्या तंट्यांत वादी व प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे मूळपुरुषापासूनची हकीकत, गोतसभेपुढें ठेवीत. त्यांत आत्मस्तुति आहे, रचलेल्या कथाहि आहेत. पण ऐकावयास भाऊबंद समोर बसलेला असे, आणि खोटें बोलणाऱ्यास त्याची धास्ती असे. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या खंडांतून घराण्यांचे असे कागद छापले, तेव्हां मूळ कागदच वाचकापुढें ठेवला.

आजच्या कुलवृत्तांतास प्रतिवादी नाहीं. ज्या शाखेनें जें लिहून पाठविलें तें छापावयाचें, ही रीत. म्हणून प्रत्येक पूर्वज धार्मिक, परोपकारी आणि मनमिळाऊ निघतो. इतकीं मनमिळाऊ माणसें असतां भाऊबंदकी हा शब्द भाषेंत आला कोठून, हें कळत नाहीं! कर्जापायीं गांव सोडलें, तरी ग्रंथांत ‘उत्कर्षार्थ स्थलांतर’ होतें.

याहून मोठी उणीव वगळण्याची आहे. आमच्या घराण्याच्या ग्रंथांत पणजोबांच्या थोरल्या बंधूंच्या नांवापुढें ‘निपुत्रिक’ एवढाच शब्द आहे. पुढें त्र्यंबकेश्वरीं तीर्थोपाध्यायांच्या घरीं वही पाहण्याचा योग आला. पिंडदानास आई, आजी, पणजी यांचीं नांवें लागतात, म्हणून त्या वह्यांत स्त्रियांचीं नांवें टिकून राहतात. तेथें मोडींत ह्या बंधूंच्या विधवा पत्नीचें नांव सांपडलें. दिराच्या तीन पोरक्या मुलांस घेऊन ती यात्रेस आली होती. त्यांतील मधले आमचे आजोबा. ह्या काकूनेंच तिघांस वाढविलें, असें आजी सांगत असे. वंशवृक्षांत मात्र तिची फांदी ‘निपुत्रिक’ ह्या शब्दाशीं तोडलेली आहे, आणि तिनें वाढविलेले तिघे शेजारच्या फांदीवर डंवरले आहेत.

पुरवणी काढणाऱ्या मंडळींनीं प्रत्येक नोंदीखालीं ती कोणाकडून वा कोणत्या कागदावरून घेतली तें द्यावें, आणि दोन शाखांचें म्हणणें जुळत नसेल तेथें दोन्ही छापावीं, अशी आमची सूचना आहे. त्या वहींतील नोंदीची नक्कल आम्हीं आमच्या संपादकांकडे धाडली. बाईंस मूल नसल्यानें नोंद कोणत्या फांदीवर घ्यावी, असें त्यांनीं विचारलें आहे.