धोक्याच्या सूचनेचा हक्क : कारखाना कायद्याची एक चिकित्सा

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कामगारांचे आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांसाठी स्वतंत्र प्रकरणे होती. २५० हून अधिक कामगार असल्यास उपाहारगृह, ५०० वा अधिक असल्यास कल्याण अधिकारी अशा तरतुदींमुळे कामगार सुविधांचा लाभार्थी ठरला. परंतु धोका प्रथम ओळखणारा जाणकार म्हणून त्यास स्थान मिळाले नाही.

या उणिवेचे गांभीर्य भोपाळ येथे प्रत्ययास आले. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. मे १९८२ मध्ये मूळ अमेरिकी कंपनीच्या पथकाने सुरक्षिततेतील दोष नोंदविले. तरीही २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटची गळती झाली तेव्हा साठवण टाक्यांची शीतकरण यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोराही दुरुस्तीसाठी बंद होता.

१९८७ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ४१-एच अन्वये निकटच्या धोक्याची सूचना व्यवस्थापन व निरीक्षक यांना देण्याचा हक्क कामगारास मिळाला. मात्र धोका आहे किंवा नाही याचा निर्णय त्यांच्याकडेच राहिला. स्वतः काम थांबविण्याचा हक्क या कलमात नव्हता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतील कलम १४ चा आशयही प्रामुख्याने सूचनेपुरताच आहे. याउलट, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या करार क्रमांक १५५ मधील अनुच्छेद १३ गंभीर धोक्याच्या जागेतून बाजूला होणाऱ्या कामगारास संरक्षण देतो.

भोपाळमध्ये सूचनांचा अभाव नव्हता; त्यांना बंधनकारक परिणाम नव्हता. म्हणूनच काम थांबविणाऱ्यास संरक्षण नसेल, तर सूचनेचा हक्क अपुरा ठरतो, असे म्हणावे लागते.