‘कर नाही त्याला डर कशाला?’ : एका म्हणीची आणि एका शब्दाची तपासणी

मोबाइल, आधार, सीसीटीव्ही किंवा सोसायटीच्या फाटकावर आलेले नवे अ‍ॅप, यांपैकी कशाचीही बातमी आली की तिच्यावरची चर्चा हमखास एका म्हणीवर येऊन थांबते : ‘कर नाही त्याला डर कशाला?’ बँकेच्या रांगेत, केशकर्तनालयात, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर ही म्हण मी इतक्यांदा ऐकली आहे, की तंत्रज्ञानाच्या बातम्यांची कात्रणे ठेवताना तिच्यासाठी एक वेगळी वहीच घातली. म्हण वापरणारे लोक अडाणी नसतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, दुकानदार असतात, परिचारिका असतात. त्यांचे म्हणणे साधे असते. माझ्या फोनमध्ये आहे तरी काय? वाणसामानाची यादी, नातवाचे फोटो आणि सकाळचे ‘सुप्रभात’. कोणाला बघायचे असेल तर खुशाल बघू दे.

या मताला भाबडे म्हणून उडवून लावणे सोपे आहे. तज्ज्ञ मंडळी तेच करतात. मला ते पटत नाही. इतके लोक एकच गोष्ट एकाच शब्दांत बोलतात तेव्हा त्यामागे काही कारण असते. माझ्या मते हे मत दोन आधारांवर उभे आहे. एक ही म्हण, आणि दुसरा ‘गोपनीयता’ हा शब्द. समीक्षा फक्त कथा-कवितांचीच करावी असा काही नियम नाही. म्हणीची आणि भाषांतरित शब्दाचीही करता येते, आणि ती सध्या निकडीची झाली आहे. का, ते लेखाच्या शेवटाकडे येईल.

म्हण कोणासाठी खरी?

या म्हणीत एक न बोललेले गृहीतक आहे. विचारणारा माणूस न्यायी आहे आणि तो आपल्याला ओळखतो, हे ते गृहीतक. चार घरांच्या वाडीत ते बऱ्याच अंशी खरे असेल. चौकशी करणारा समोर दिसे, त्याला उलट विचारता येई आणि महिन्याभराने सगळे विसरून जाई. पण त्या काळातही म्हण सर्वांना लागू नव्हती.

१८७१ मध्ये आलेला आणि १९११ पासून देशभर लागू झालेला गुन्हेगार जमाती कायदा आठवावा. पारधी, कैकाडी अशा जमातींत जन्माला येणे हाच त्या कायद्याच्या लेखी गुन्हा होता. नावे नोंदवली जात, हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवानगी लागे. बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही १९११च्या कायद्याने दिला होता. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्यातल्या कितीतरींचा ‘कर’ काहीच नव्हता. ‘डर’ मात्र जन्मापासून होती. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. नोंदवहीतले नाव पोलिसांच्या मनातून गेले असे आजही कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आपल्याकडच्या खासगीपणाच्या न्यायालयीन इतिहासातही असाच एक ‘कर’ नसलेला माणूस भेटतो. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंग यांना १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडले आणि पुरावा नाही म्हणून सोडले. तरी पोलिसांनी त्यांचा इतिहासपट उघडला. पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठावत, झोपेतून उठवत, कुठे निघालात म्हणून विचारत. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये त्या रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे मान्य करायला बहुमत तयार नव्हते. ते मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. आधारच्या विरोधात २०१२ मध्ये न्यायालयात गेलेले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मान्य केला.

आज रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवणारी म्हातारी घ्या. वीटभट्टीवर, शेतात राबून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्र म्हणते, जुळत नाही. तिने काय केले? काहीच नाही. तरी धान्य मिळेल की नाही या धास्तीनेच ती घरून निघते. यंत्र तिला ओळखत नाही आणि तिचे उलट विचारणे ऐकतही नाही. म्हणीला जो न्यायी, ओळखीचा विचारणारा लागतो, तो इथे कुठेच नाही. म्हण चुकीची आहे असे मी म्हणत नाही. ज्या जगासाठी ती घडली ते जग आता राहिलेले नाही, आणि असे जग काहींच्या वाट्याला कधी आलेच नव्हते.

‘गोपनीय’ कोणाचे?

आता शब्दाकडे. इंग्रजीतल्या ‘प्रायव्हसी’ला मराठीत आपण सर्रास ‘गोपनीयता’ म्हणतो. गूगलच्या मराठी पानाच्या तळाशी तोच शब्द आहे, बातम्यांतही बहुधा तोच असतो. संस्कृतातला ‘गुप्’ धातू राखणे, रक्षण करणे याही अर्थाचा आहे, त्यामुळे व्युत्पत्तीकडे बोट दाखवून या शब्दाचे समर्थन कोणी करील. पण शब्दाचा अर्थ ठरतो तो त्याच्या वापरातून. मराठी माणसाला ‘गोपनीय’ हा शब्द कुठे भेटला?

मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, तिथे तो भेटला. टपालाच्या पाकिटावर लाल शाईत भेटला. १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याच्या आसपास भेटला. आणि सर्वांत जवळून भेटला तो सरकारी नोकरांना, ‘गोपनीय अहवाल’ या रूपात. साहेबाने वर्षाअखेरीस कर्मचाऱ्याबद्दल लिहायचे, बढती त्यावर ठरायची आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याला ते दिसायचे नाही. प्रतिकूल शेरा असला तर कळवत. मधला शेरा असला तर बढती का हुकली हे कळायलाही मार्ग नसे. २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असे सांगितले, तोवर कितीतरी लोक निवृत्त होऊन गेले होते.

म्हणजे आपल्या अनुभवात ‘गोपनीय’ हे नेहमी वरच्याचे असते आणि आपल्यापासून लपवलेले असते. तोच शब्द सामान्य माणसाच्या हक्काला चिकटवला की काय होते? त्याला वाटते, गुपिते सरकारला असतात, कंपन्यांना असतात, लफडी करणाऱ्यांना असतात. आपण साधी माणसे, आपल्याला कसली आलीय गोपनीयता? शब्दानेच प्रश्न असा मांडला, की ‘लपवण्यासारखे काही नाही’ हेच त्याचे प्रामाणिक उत्तर उरते. म्हण मग आपोआप तोंडात येते.

बातम्यांवरही या शब्दाची सावली पडते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवे धोरण आणले; ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर खाते वापरता येणार नाही, असा त्याचा सूर होता. (पुढे ही मुदत लांबली.) त्या आठवड्यातली माझ्याकडची कात्रणे, पुढे ढकललेले संदेश आणि कट्ट्यावरची चर्चा यांचा एकच विषय होता : आता ते आपले संदेश वाचणार का? व्हॉट्सअ‍ॅपने उत्तर दिले, संदेश वाचता येत नाहीत. ते खरेही होते. मजकूर २०१६ पासून टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद आहे. लोक निर्धास्त झाले. पण वाद मजकुराचा नव्हताच. तुम्ही कोणत्या व्यावसायिक खात्याशी बोलता, कोणता फोन वापरता, कधी वापरता, ही भोवतालची माहिती मूळ कंपनीच्या इतर उद्योगांना द्यायची की नाही, आणि नको म्हणायची सोय आहे की नाही, हा प्रश्न होता. ‘गोपनीयता’ म्हटल्यावर पत्रातला मजकूर डोळ्यांपुढे येतो. पाकिटावरचा पत्ता आणि शिक्का येत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच धोरणासाठी मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा त्याचा रोख गुपिताकडे नव्हता. ‘घ्या नाहीतर निघा’ अशी अट घालून वापरणाऱ्याला निवडच ठेवली नाही, हा आक्षेप होता. आयोगाला जे दिसले ते आमच्या कट्ट्यावर कोणालाच दिसले नाही, कारण हातातल्या शब्दात निवडीला जागा नव्हती.

लपवायचे काही नसतानाही

गुपित आणि खासगीपणा या वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवणारा सर्वांत स्पष्ट दाखला महाराष्ट्रातलाच आहे. एक पोलीस निरीक्षक रात्री एका स्त्रीच्या झोपडीत गेला. तिने विरोध केला, तक्रार केली, खात्याने त्याला बडतर्फ केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तेव्हा तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष अविश्वसनीय मानली गेली. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ च्या निकालसंग्रहांत छापल्या गेलेल्या त्या निकालाचा आशय असा, की अशा स्त्रीलाही खासगीपणाचा हक्क आहे आणि वाटेल त्याने वाटेल तेव्हा तिच्या दारात घुसावे असा त्याचा अर्थ होत नाही.

त्या बाईने आपल्या आयुष्यातले काही लपवले नव्हते.  गोपनीयतेच्या अर्थाने तिच्याकडे काही उरलेच नव्हते. तरी दार तिचे होते. कोणाला आत घ्यायचे हे ठरवणे तिच्या हाती होते. या हक्काचा गाभा इतकाच आहे.

मराठीजवळ शब्द आहे

हा गाभा सांगणारा शब्द आपल्याकडे जुना आहे, तो म्हणजे ‘खासगी’. अरबीतून आलेला आणि पेशवाईच्या दप्तरांत मुरलेला. १७३४ मध्ये पहिल्या बाजीरावाने मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली, ती ‘खासगी’. दौलत वेगळी, खासगी वेगळी. पुढे अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी घाट, मंदिरे, धर्मशाळा उभारल्या त्या या खासगीतून. काशीचा घाट काही लपवलेला नाही, आल्यागेल्याला दिसतो. तरी तो खर्च खासगीचा, कारण कशावर, किती आणि कधी खर्चायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा होता. खासगी म्हणजे ज्याच्यावर आपला हुकूम चालतो ते. ते जगाला दिसते की नाही हा मुद्दा वेगळा.

या शब्दावर दोन आक्षेप येतील. ‘खासगी कंपनी’, ‘खासगीकरण’ यांमुळे तो बाजाराचा झाला आहे, हा पहिला. तो खरा आहे. म्हणून मी ‘खासगीपणा’ असे रूप सुचवतो. दुसरा आक्षेप गंभीर आहे. ‘ही आमची घरातली खासगी बाब आहे’ असे म्हणून बायकोला मारणारे नवरे आणि सुनेला छळणारी घरे आपल्याकडे शतकानुशतके सुटत आली. आपला ‘खासगी’ हा घराचा होता, माणसाचा नव्हता. इथे आंबेडकरांच्या १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’कडे वळावे लागते. त्यात अवास्तव झडती आणि जप्तीपासून संरक्षण देणारे कलम आहे, आणि त्यातला क्रम आधी माणसाचा देह, मग घर, मग कागदपत्रे आणि चीजवस्तू असा आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशाच आशयाची दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी ती उपयुक्त मानली, तरी संविधानात तिला जागा मिळाली नाही. तो क्रम मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. हक्क आधी माणसाचा, घराचा नंतर.

आत्ताच का?

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. माहिती घेण्याआधी ती कशासाठी घेतोय याची सूचना द्यावी लागेल, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. म्हणजे मराठीत. उद्या प्रत्येक दवाखान्याच्या, बँकेच्या, शाळेच्या पडद्यावर एक मराठी परिच्छेद येईल. तो कोणत्या मराठीत असेल, त्यावर माणूस ‘सहमत’ दाबण्यापूर्वी काय समजेल हे ठरणार आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले. सूचना, संमती यांसारख्या जबाबदाऱ्यांच्या तयारीसाठी कंपन्यांना अठरा महिने मिळाले. याच कायद्यातली एक तरतूद मात्र ताबडतोब लागू झाली : माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधली दुरुस्ती. आधी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येत असे, आणि व्यापक जनहित असल्यास तीही द्यावी लागे. आता त्या पोटकलमात ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले. जनहिताचे सर्वसाधारण कलम ८(२) शाबूत आहे, हे सांगितले पाहिजे. पण तालुक्याच्या कचेरीत अर्जदाराला नकाराचे एका ओळीचे पत्र मिळते, तिथे कलम ८(२) उघडून दाखवायला कोण बसले आहे? केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला याचे अधिक वाईट वाटायला हवे.

नागरिकाच्या हक्कासाठी अठरा महिने आणि कचेरीच्या आडोशासाठी तत्काळ अंमल. ‘गोपनीयता’ पुन्हा आपल्या जुन्या घरी, वरच्याच्या हातात गेली. खासगीपणा म्हणजे लपवणे, असे आपण मानत राहिलो तर या उलटापालटीत काही खटकणारही नाही. खासगीपणा म्हणजे स्वतःबद्दल ठरवण्याचा अधिकार, असे मानले तर कंत्राटदाराला दिलेल्या सार्वजनिक पैशाचा हिशेब आणि म्हातारीच्या अंगठ्याचा ठसा यांतला फरक लगेच दिसतो. पैसा आपला, म्हणून त्याचा हिशेब आपण मागू शकतो. अंगठा तिचा, म्हणून त्याबद्दल ती विचारू शकते.

म्हणून कट्ट्यावर ती म्हण पुन्हा निघाली तर मी वाद घालत नाही. चार प्रश्न विचारतो. माहिती मागतो कोण? कशासाठी? किती दिवस ठेवणार? आणि नाही म्हटले तर आपले काय अडणार? ‘लपवण्यासारखे काही नाही’ हे यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर होत नाही, हे लोकांच्या लवकर ध्यानात येते. मराठीतल्या त्या येऊ घातलेल्या सूचनांनी या चारांची उत्तरे घरात बोलतो त्या मराठीत दिली, तर कायद्यातला हक्क निदान वाचता तरी येईल. भाषांतर करणाऱ्यांनी, संपादकांनी आणि आपण वाचकांनी तेवढा आग्रह आत्ताच धरायला हवा. सूचना एकदा पडद्यावर आल्या की त्यांतले शब्द बदलायला पुन्हा कोणी बसणार नाही.