वाळूने राखलं, रंगाने घालवलं

इजिप्तमधल्या अल अलामेनच्या युद्ध-संग्रहालयात एक किटीहॉक आहे, दुसऱ्या महायुद्धातलं फायटर विमान. छान रंगवलेलं. मी त्याचे फोटोच पाहिलेत. पण त्याचे २०१२ सालचे फोटोही पाहिलेत, आणि दोन्हीकडे विमान एकच आहे हे पटायला वेळ लागतो.

२८ जून १९४२. ब्रिटिश हवाई दलातला २४ वर्षांचा डेनिस कॉपिंग हे बिघडलेलं विमान दुरुस्तीसाठी दुसऱ्या तळावर न्यायला निघाला आणि पोचलाच नाही. ७० वर्षांनी तेलाच्या कामावर असलेल्या एका पोलिश माणसाला ते सहारात दिसलं. पोटावर बसलेलं. वाळूच्या वाऱ्याने रंग खरवडून पत्रा उघडा पाडलेला, पण कॉकपिटमधली मीटरं बरीचशी जागच्या जागी. आणि जवळच पॅराशूट. म्हणजे विमान आदळल्यावरही पोरगा जिवंत होता. त्या कापडाची त्याने सावली केली असेल, वाट पाहिली असेल, मग कुठल्या तरी दिशेला चालू लागला असेल. ओळख पटलेले अवशेष मिळालेले नाहीत.

विमान तिथेच ठेवायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. लोकांनी एकेक भाग काढून नेलाच असता. हलवलं ते बरोबर. पण पुढे त्याला रंग फासला, आणि वाळू, ऊन, वारा यांनी ७० वर्षं त्या पत्र्यावर जे लिहिलं होतं ते झाकून टाकलं. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइल पेंट मारतात ना, तसंच. हेतू वाईट नसतो, हीच पंचाईत.

नव्यासारखं करणं नेहमीच चूक, असंही नाही. ‘ग्लेशियर गर्ल’ बघा. १५ जुलै १९४२ ला सहा पी-३८ आणि दोन बी-१७ विमानांना ग्रीनलंडच्या बर्फावर उतरावं लागलं. सगळी माणसं वाचली, विमानं बर्फाखाली गाडली गेली. १९९२ मध्ये सुमारे ८० मीटर खोलीवरून त्यातलं एक पी-३८ तुकड्यातुकड्याने वर काढलं, दहा वर्षं खपून पुन्हा जोडलं आणि २००२ मध्ये उडवलं. मला ते आवडतं. तिथे कुणी मेलेलं नव्हतं; विमानाचं उडणं अर्धवट राहिलं होतं, ते पूर्ण झालं.

लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये याच्या अगदी उलट उदाहरण आहे. ऑगस्ट १९४० मध्ये पडलेलं एक हरिकेन १९७३ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरून उकरून काढलं. त्यातला वैमानिक मेला होता. म्युझियमने ते जोडलं नाही, रंगवलं नाही. चेपलेला, फाटलेला सांगाडा तसाच ठेवला. शेजारच्या चकचकीत विमानांपुढे तो भंगार वाटतो. पण तिथे थांबलात तर बंद पडलेलं मशीन नाही, मेलेला माणूस आठवतो.

किटीहॉकचा रंग आता खरवडला तरी खालचा पत्रा वाळूने सोडला होता तसा मिळायचा नाही. २०१२ चा एक फोटो माणसाच्या उंचीचा करून विमानाच्या नाकासमोर उभा केला तरी पुष्कळ. मात्र त्यात ते पॅराशूट दिसायला हवं.